पापण्यांचं कॉस्मेटिक ऑपरेशन जागेपणी करून घ्यावं की पूर्ण भूल मागावी?

तुम्ही लिहिलंय की वरच्या पापण्यांवरची लोंबती कातडी काढायची आहे, जमलं तर खालच्या पिशव्याही. सर्जन जागेपणी करू म्हणतायत आणि डोळ्याजवळ सुई येणार या विचारानेच तुम्हाला घाम फुटतोय. मी भूलतज्ज्ञ आहे, आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या वरच्या पापण्या जागेपणीच करून घेतल्या. म्हणजे टेबलावर आणि टेबलाशेजारी, दोन्हीकडून पाहून झालंय.

आधी वरच्या पापण्यांपुरतं. त्यांना पूर्ण भूल बहुधा लागतच नाही. सुई डोळ्यात जात नाही. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, मग मिटलेल्या पापणीच्या कातडीखाली केसासारख्या बारीक सुईने लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. एका पापणीला दीड-दोन मिली पुरतं. २ टक्क्यांच्या औषधात दर मिलीला २० मिलिग्रॅम, म्हणजे पापणीमागे फार तर ४०. त्यात ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. ६० किलोच्या माणसाला ती ४२० होते. चारही पापण्या केल्या तरी आपण निम्म्यालाही पोचत नाही.

खरं दुखतं ते या इंजेक्शनपुरतंच, आणि तेही चुरचुरतं म्हणावं असं. औषध आम्लधर्मी असतं म्हणून चुरचुरतं. त्यात थोडं सोडा बायकार्बोनेट मिसळलं आणि हात सावकाश चालवला तर बराच फरक पडतो. हे सर्जनना आधी विचारायला अजिबात लाजू नका. इंजेक्शननंतर ते सात-दहा मिनिटं नुसतेच थांबतील. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसायला तेवढा वेळ लागतो, मग रक्तही कमी येतं. याच ॲड्रेनलिनने कधी कधी छाती धडधडते, आणि पुष्कळ लोक आयुष्यभर ‘मला भुलेची ॲलर्जी आहे’ असं सांगत फिरतात ते यामुळेच. माझंही धडधडलं. कारण पाठ असूनही मी मिनिटभर मॉनिटरची टिकटिक मोजत पडले होते. नंतर फक्त ओढल्यासारखं वाटतं आणि कॉटरीचा (रक्त थांबवायला जागा डागणाऱ्या उपकरणाचा) करपट वास येतो. त्या वासाची कल्पना आधी कुणी देत नाही, म्हणून मी देऊन ठेवते.

जागं राहण्याचा फायदा तुमचाच आहे. सर्जन मध्येच ‘उघडा, मिटा’ म्हणतात, काही जण उठवून बसवूनही दोन्ही बाजू ताडून पाहतात. कातडी जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही, आणि ती चूक नंतर निस्तरायला कठीण. पापणी उचलणारा स्नायूच सैल असेल आणि तोही सोबत घट्ट करायचा असेल, तर तुमच्या मदतीवाचून अंदाज बांधणं फारच अवघड. अर्थात औषधही थोडं फसवतं: ॲड्रेनलिनने पापणी किंचित वर चढते, लिग्नोकेन खोल गेलं तर खाली येते. अनुभवी सर्जन हे हिशेबात धरतात. तसं पाहिलं तर लोकल भुलेची, म्हणजे तेवढीच जागा बधिर करण्याची, सुरुवातच डोळ्यापासून झाली. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं.

खालच्या पिशव्यांचं गणित वेगळं. तिथली चरबी डोळ्याच्या खोबणीत आतवर गेलेली असते. ती ओढली की कातडी बधिर असूनही खोल, बोथट कळ जाणवते. कधी कधी त्या ओढीने हृदयाचे ठोकेही मंदावतात. १९०८ पासून माहीत असलेला हा प्रतिक्षेप, म्हणजे शरीराची आपोआप उमटणारी प्रतिक्रिया, आहे. सर्जननी हात सैल केला की बहुधा ठोके पूर्ववत होतात, पण लक्ष ठेवणारं माणूस हवं. इथे लोकलच्या जोडीला गुंगी द्यावी असं माझं मत.

मात्र गुंगी म्हणजे ‘अर्धी भूल, म्हणून अर्धी जोखीम’ हा समज डोक्यातून काढा. आमच्या दृष्टीने तोच सगळ्यात नाजूक प्रकार. पूर्ण भुलेत श्वासनलिका आमच्या ताब्यात असते. गुंगीत तुम्ही स्वतः श्वास घेत असता, आणि चेहरा सर्जनच्या हाताखाली, कापडांच्या आड. वर ऑक्सिजन सुरू असताना कॉटरी लावली तर आग लागू शकते, म्हणून आम्ही तो कमीत कमी देतो किंवा तेवढ्यापुरता बंद करतो. आणखी एक गंमत (आम्हाला ती गंमत वाटत नाही): प्रोपोफोल या झोपेच्या औषधाच्या गुंगीत पापणीला सुई लागताच काही जणांना सणसणीत शिंक येते. म्हणून आधी थोडं फेंटॅनिल हे वेदनाशामक देणं मला बरं वाटतं. शिवाय गुंगी जास्त झाली की माणूस बरळतो, डोकं हलवतो आणि ‘डोळे उघडा’ म्हटलेलं ऐकत नाही.

पूर्ण भूल मी कधी देते? सोबत कपाळ किंवा चेहरा ओढायचा असेल, किंवा माणूस खरोखरच स्वस्थ पडू शकत नसेल तर. ती सुरक्षित आहे, पण उठताना येणारा खोकला आणि उलटी पापणीला मानवत नाही. दाब वाढतो, रक्त येतं.

तुमच्या जागी मी असते तर वरच्या पापण्या लोकलवर, हवं तर आधी मिडाझोलाम या मन शांत करणाऱ्या औषधाचा छोटा डोस, आणि खालच्या करायच्या झाल्या तर गुंगी. फक्त ती देणारा आणि तुमच्याकडे बघणारा माणूस सर्जनहून वेगळा आहे ना, हे आधीच विचारून घ्या. घोरण्याचा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सेमाग्लुटाइडसारखं वजन कमी करायचं इंजेक्शन, सगळं सांगा. त्या इंजेक्शनने पोट उशिरा रिकामं होतं, त्यामुळे हलक्या खाण्यानंतर ६ तास आणि पाण्यानंतर २ तास हा नेहमीचा हिशेब पुरेलच असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

भूल काही तासांत उतरते, मग थोडं ठणकतं. दोन्ही डोळे सारखेच सुजले असतील तर बर्फाने शेका आणि उशी उंच घ्या. एकच डोळा अचानक टणक होऊन जोरात दुखू लागला किंवा त्याला अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी सर्जनना फोन करा. डोळ्यामागे रक्त साचलं असेल तर ते लगेच मोकळं करावं लागतं.