कांद्याचा पापुद्रा आणि माझ्याच पापण्या

यंदा पावसाळ्याच्या टपालात तीन पत्रं आली, तिन्ही हातात मावणाऱ्या सूक्ष्मदर्शकांबद्दलची. म्हणून या वेळी झाडांवरची कीड आणि कुंडीतली माती बाजूला ठेवते. चिपळूणकडच्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका माजी विद्यार्थ्याने घडी घालून बनवायचे दहा कागदी सूक्ष्मदर्शक भेट दिले. मुलांनी हौसेने पान, मुंगी, माती, सगळं लावून पाहिलं. दिसलं काय, तर काळं नाहीतर धूसर. एक मुलगा म्हणाला, "बाई, मला माझ्याच पापण्या दिसतायत." आता ते कपाटात पडून आहेत. आमचं कुठे चुकतंय? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, पापण्या दिसल्या म्हणजे त्या पोराने डोळा बरोबर भिंगाला भिडवला होता आणि उजेडही आत येत होता. त्याला शाबासकी द्या. चूक आहे ती मुंगी निवडण्यात.

तुमच्याकडे आहे तो फोल्डस्कोप. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डला तो बनवला आणि २०१४ साली जगापुढे मांडला. सुट्या भागांचा खर्च तेव्हा एका डॉलरच्या आत होता. त्यात भिंग म्हणून आहे एक काचेचा मणी, जेमतेम २.४ मिलिमीटरचा. मणी जितका लहान, तितकी वस्तू मोठी दिसते. पण तितकीच ती मण्याच्या जवळही न्यावी लागते. या मण्यातून वस्तू १४० पट दिसते, आणि त्यासाठी काच आणि वस्तू यांच्यात अंतर उरतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. आता त्या फटीत अख्खी मुंगी कशी मावणार? पाय दिसला तर डोकं धूसर, डोकं दिसलं तर पाय गायब. शिवाय उजेड मागून येतो, वस्तूच्या आरपार. जाड पान म्हणजे खिडकीला लावलेलं पोतं. काळंच दिसणार.

म्हणून सुरुवात कांद्याने करा. फोडीचा आतला भाग वाकवून मोडला की एक ओला, पारदर्शक पापुद्रा सुटतो. नखाएवढा घ्या, पाण्याच्या थेंबात पसरा, सुरकुती पडू देऊ नका, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, तिरकी टेकवून अलगद सोडा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील. जखमेवर लावायचं आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब दिला, तर प्रत्येक विटेत पिवळट तपकिरी ठिपका उमटतो. ते केंद्रक. पहिल्या दिवशी एवढंच बघा.

एक सावधगिरी. कव्हरस्लिप आपटली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या काठाचे, अगदी गोल, सुरेख. माझ्या वर्गात दर जूनला "बाई, पेशी सापडली!" म्हणून जे पहिलं चित्र वहीत यायचं ते बुडबुड्याचं असायचं. एका वर्षी मी स्वतःच त्यावर बरोबरची खूण केली होती. मुलांना आधी बुडबुडाच मुद्दाम दाखवा, म्हणजे पुढे फसणार नाहीत.

आता तुमच्या भागातलं खरं सोनं. पावसात चिऱ्याच्या गडग्यांवर नेचे उगवतात. पानाच्या पाठी तपकिरी ठिपके असतात, त्यातला एक सुईच्या टोकाने स्लाइडवर झाडा. पाणी घालू नका. इवल्या पिशव्या दिसतील आणि प्रत्येकीच्या पाठीवर जाड काठांच्या पेशींची कमान, वाकलेल्या सुरवंटासारखी. ती वाळायला लागली की कमान हळूहळू उलटी वाकते, पिशवी फाटते, आणि एका क्षणी कमान झटक्यात परत मिटते. गलोलीतून खडे सुटावेत तसे बीजाणू उडतात. मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर वाळणं जरा लवकर होतं. हे पाहताना सातवीतली एक मुलगी दचकून मागच्या बाकावर आदळली होती. तिला नंतर कधी विज्ञानाचा अभ्यास कर म्हणून सांगावं लागलं नाही, गणिताचं मात्र सांगावं लागलं.

ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सीतेची आसवं फुलतील. एकच रोप अलगद घ्या, खालचे मुळांसारखे धागे बशीतल्या पाण्यात धुवा. त्यावर बारीक फुगे लटकलेले असतात. ते सापळे आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढला जातो. रोप आपल्या गावच्या सड्यावरचंच घ्या आणि एकापुढे जाऊ नका. सहल कासला गेली असेल तर तिथे कशालाही हात लावायचा नाही.

फोनला जोडून फोटो काढता येतो, सोय चांगली आहे, पण आधी पेन्सिलीने चित्र काढू द्या. फोटो काढला की मुलं बघायची थांबतात, हा माझा अनुभव. आणि सूर्याकडे रोखून कुणी पाहणार नाही, याकडे पहिल्या मिनिटापासून लक्ष ठेवा. उजळ आभाळ पुरतं.

कपाटाचं म्हणाल, तर आमच्या शाळेतले चांगले पितळी सूक्ष्मदर्शक "मुलं मोडतील" म्हणून कुलपात होते. कोकणातल्या दमटपणात भिंगांवर बुरशीची जाळी धरली. एकही मुलाच्या हातून मोडला नाही, सगळे कुलपात गेले. तुमचे डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या सोबत टाका, आणि डबा मुलांच्या हाताला येईल असा ठेवा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी ऑनलाइन १००० पटीचा यूएसबी सूक्ष्मदर्शक स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, निसर्ग कुठून आणायचा? — एक पालक

उत्तर : नका घेऊ. त्या किमतीतले १००० पट बहुधा पडद्यावर ताणलेलं चित्र असतं. आकार वाढतो, तपशील वाढत नाही. आठ वर्षांच्या मुलीला सोनार वापरतात ते १० पटीचं भिंग द्या. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू त्याच्याकडे आणायची, एवढं शिकवा. हात स्थिरावला की वर्षभराने कागदी सूक्ष्मदर्शक.

निसर्ग स्वयंपाकघरात आहे. गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल अर्धा तास भिजवा, दाढीच्या पात्याने (हे काम तुमचं, तिचं नव्हे) शक्य तितका पातळ काप काढा. कागदी सूक्ष्मदर्शकातून फिकट धाग्यांच्या गुंत्यात वरच्या सालीखाली हिरव्या गोळ्यांची रांग दिसेल. धागे बुरशीचे, गोळ्या शेवाळाच्या. दोघांचा संसार म्हणजे दगडफूल. पुढे मोठ्या भिंगाखाली पाहिलंत तर जास्तच खुलेल. आणि देवपूजेच्या जास्वंदीचे परागकण चिकटपट्टीवर उचला. काटेरी चेंडू! फुलांच्या जगात इतके मोठे कण क्वचित मिळतात, म्हणून नवख्यालाही सापडतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या १४० पटीच्या सूक्ष्मदर्शकातून दह्यातले जिवाणू पाहिले. खूप गोल गोल होते. ते जिवाणूच ना? — नाशिकचा एक वाचक

उत्तर : अरे, ते स्निग्धाचे गोळे असावेत, म्हणजे तुपाचे पूर्वज. दह्यातले जिवाणू एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास जाडीचे. तुझ्या भिंगाला साधारण दोन मायक्रॉनच्या खालचं वेगळं ओळखू येत नाही. खात्री हवी तर दह्याशेजारी दुधाचा थेंब ठेवून पाहा, तेच गोळे तिथेही भेटतील.

जिवंत काही बघायचंय ना? डबक्याचं पाणी बरणीत घे, मूठभर वाळकं गवत टाक, झाकण सैल ठेव, सावलीत ठेवून दे. तीन-चार दिवसांनी वरच्या सायीजवळचा थेंब घे. चपलेच्या तळव्यासारखे पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव सापडले तर ते सैरावैरा पळतील. कापसाचे चार तंतू थेंबात सोड, त्यात अडकून जरा थांबतात. हात साबणाने धू. आणि बरणी गच्चीत ठेव, कारण चौथ्या दिवशी वास सुटतो, तेव्हा आई मला पत्र लिहील.