वाढत्या मापाचे बूट आणि आमची वाया गेलेली दोन वर्षं

तुमची पोस्ट दोनदा वाचली. ९ वर्षांची लेक, बर्फावरचं फिगर स्केटिंग करते, ८ महिने ॲक्सेल या दीड गिरकीच्या उडीवर अडकलेली, घोटे दुखतात. कोच म्हणतात बूट बदला, आणि तुम्ही विचारताय की कोचच बदलावी का. चार वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच चाललं होतं, म्हणून राहवलं नाही.

आधीच सांगतो, मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच. न्यू जर्सीतल्या रिंकच्या बाकड्यावर सहा हिवाळे कुडकुडलेला बाप, एवढीच पात्रता. लेव्हल, टेस्ट वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, सरळ बुटांवर येतो.

पुण्यात शाळेत असताना मी चाकांचं स्केटिंग केलं होतं. ते स्केट्स पान्याने लांब करता यायचे. एकच जोड मी आणि धाकट्या भावाने चार वर्षं वापरला. त्यामुळे यातलं आपल्याला कळतं, हा गैरसमज पक्का. त्यात आपली सवय: गणवेश असो की चपला, घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. लेक दहाची झाली तेव्हा दीड नंबर मोठे बूट घेतले, तेही चांगले कडक, म्हणजे डबल (हवेत दुहेरी गिरकीच्या) उड्या सुरू झाल्या की पुन्हा खर्च नको. पुढे स्पंजचा तुकडा, पायात दोन मोजे. ब्लेडसकट ६५० डॉलर मोजले आणि घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, दोन वर्षांची चिंता मिटली.

दुकानाचं नाव लिहीत नाही. मुळात ते आइस हॉकीवाल्यांचं. रोजच्या बुटाचा नंबर विचारला, पाय मोजलाच नाही. फिगरचा बूट बहुधा रोजच्यापेक्षा लहान नंबराचा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. ब्लेडही पहिल्याच दिवशी सगळे स्क्रू पिळून बसवलं. खरं तर आधी मोजके स्क्रू लावतात, बर्फावर चालवून ब्लेड आत-बाहेर कलतंय का बघतात, मग पक्कं करतात. आठवड्याने परत न्यायला गेलो तर ‘ब्लेड बसवलेला बूट परत घेत नाही’. वर धार लावायला दिली तेव्हा टो-पिकचा, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकाच्या दात्यांतला, खालचा दात घासून सपाट! हॉकीच्या ब्लेडला टो-पिक नसतो, यांना तो अडथळा वाटला असावा. आणखी लिहिलं तर प्रतिसाद उडेल, थांबतो.

पण दुकानापेक्षा मोठी चूक माझी. कोचबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘हे बूट हिचे नाहीत.’ मला वाटलं, कुणाकडून तरी कमिशन मिळत असेल. दोन महिन्यांत मी कोच बदलली. नव्या बाईंनी चार महिने वाट बघून तेच वाक्य ऐकवलं.

तोवर नुकसान झालं होतं. ॲक्सेल पुढे तोंड करून मारायची, त्यासाठी घोटा आणि गुडघा वाकायला हवा. कडक बुटात घोटा वाकेना, टाच आत वर-खाली व्हायची, म्हणून पोरगी कमरेतून वाकायला शिकली. उडी घेतानाच वेळ चुकायची, गिरकी अर्धवट. मग नडगी दुखायला लागली, डॉक्टरांनी ९ आठवडे बर्फावर जाणं बंद केलं. नव्या बुटांत ॲक्सेल लगेच जमली असेल असं वाटतंय? जुनी खोड मोडायला आणखी सात महिने गेले. डबल ॲक्सेलमध्ये ती अजून डोकावते. त्या उडीचे मूळ गुण ३.३, अर्धी गिरकी किंवा जास्त कमी पडली की ती सिंगल धरतात, १.१. शिवाय पोरगी पडली तर गुणांत वेगळी वजावट.

माझं ठाम मत: मुलांना जुने वापरलेले बूट चालतील, पण मोठे नकोत, आणि तिच्या आजच्या उड्यांना लागतो त्याहून कडक नकोत. अडीच तास गाडी चालवून जावं लागलं तरी फिगरचं काम करणाऱ्या माणसाकडेच जा. दोन्ही पाय वेगवेगळे, उभं करून मोजतो तोच खरा. आणि हो, ब्लेडवर प्लॅस्टिकचे गार्ड ठेवून बॅग बंद करू नका, गंज चढतो. पुसून कापडी कव्हर घाला.

शेवटी भारताकडून खेळण्याचं विचारलंय. त्याला भारतीय पासपोर्ट लागतो, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) चालत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसादने २०१९ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं, मगच ती भारताकडून उतरली. आंतरराष्ट्रीय सीनियर गटासाठी आता १ जुलैपूर्वी १७ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.

कोचना तूर्त सोडू नका. आज रात्री बुटातला सुटा तळवा बाहेर काढा, त्यावर लेकीला उभी करा आणि वरून फोटो काढून इथे टाका. बोटांपुढे किती जागा उरते ते बघू.