गाडी घेण्याआधी घरची वाट मोजून घे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सनरूफवाली मोठी गाडी, सात वर्षांचं कर्ज आणि शेवटी 'काका, तुम्हाला काय वाटतं?' फोनवर अशा बोलण्याला फाटे फुटतात, म्हणून सविस्तर लिहितो. वाहनविम्याचा सर्वेअर, म्हणजे गाड्यांचं नुकसान तपासणारा म्हणून माझी उमर गेली. शोरूममधल्या गाड्यांपेक्षा गॅरेजात जॅकवर चढवलेल्या गाड्याच मी जास्त पाहिल्या. त्यामुळे माझा सल्ला त्या बाजूने येणार, हे धरूनच वाच.

मला सगळ्यात आधी आठवली ती गोव्यातल्या तुमच्या वाड्यावर, त्या वस्तीवर येणारी वाट. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), वळणावरच विजेचा खांब आणि समोरून कोणी आलं की एकाने मागे जायचंच. क्रेटासारख्या मोठ्या गाडीची रुंदी १,७९० मिलिमीटर, छोट्या वॅगन-आरची १,६२०. कागदावर हा फरक १७ सेंटिमीटरांचा, पण तुमच्या वळणावर तो रोज दोनदा जाणवेल. गडग्याला घासलेल्या गाड्या माझ्याकडे यायच्या तेव्हा ओरखडे बहुधा डाव्या मागच्या दारावर आणि त्यामागच्या पत्र्यावर असायचे. वळताना गाडीचं तोंड सुटतं, पण मागची चाकं आतून येतात, आणि डावी बाजू चालवणाऱ्याला नीट दिसत नाही. तेव्हा रविवारी टेप घेऊन बाबांबरोबर ती सगळ्यात अरुंद जागा मोज. गाडीची रुंदी धरताना आरसे उघडे धरायचे, माहितीपत्रकात ते बहुधा धरलेले नसतात. वाट जिथे हमरस्त्याला मिळते तिथला चढही बघ. दर हॉटमिक्सला, म्हणजे डांबराच्या नव्या थराला, रस्ता थोडा वर येतो आणि वाट खालीच राहते. पाच माणसं बसल्यावर गाडीचं पोट तिथे टेकतं. टेस्ट ड्राइव्ह मागशील तेव्हा गाडी घरापर्यंत आणायला सांग, आणि घरची सगळी माणसं बसवून तो चढ चढ. शोरूमवाला कुरकुर करील, तरी आग्रह सोडू नकोस.

आता आजी. तिला बांबोळीच्या हॉस्पिटलात तूच नेतेस. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला खाली वाकून बसायची गाडीही जड जाते आणि पाय उचलून चढायची उंच गाडीही. सीट साधारण तिच्या मांडीच्या उंचीला हवी, दार पुरतं उघडायला हवं आणि धरायला वर हँडल हवं. हे मापाच्या तक्त्यात सापडत नाही, आजीलाच घेऊन जावं लागतं. दोनदा बसून-उठून ती जे सांगेल ते सेल्समनच्या बोलण्यापेक्षा जास्त मोलाचं.

इथे एक पेच आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. अरुंद वाट आणि आजीचे गुडघे बघितले तर वॅगन-आर अगदी सोयीची. पण २०२३ साली ग्लोबल एनकॅपने (गाड्या धडकवून त्यांच्या सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने) दोन एअरबॅगची वॅगन-आर धडकवून पाहिली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला एकच तारा मिळाला. टाटाच्या टियागोला २०२०मध्ये चार मिळाले होते, टाटाच्याच पंचला २०२१मध्ये पाच. धडकलेल्या गाड्यांत दाराचे खांब कसे दुमडतात ते मी हात लावून पाहिलंय, म्हणून माझा कल ताऱ्यांकडे जातो. पंच वॅगन-आरपेक्षा रुंद आहे, पण तिचं पोट जमिनीपासून चांगलं उंच आहे, म्हणजे तुमच्या चढाला बरी. वाटेत मावली आणि आजीला चढता आली तर माझं मत पंचला. नाहीतर टियागो. ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झालीय, त्यामुळे आज जे मॉडेल घेशील त्याचे तारे विचारून घे. मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगवेगळे असतात. आणि तारे कितीही असोत, मागे बसलेल्या आजीने पट्टा लावलाच पाहिजे.

तुझं काम तरी काय आहे? बोरीचा पूल ओलांडून लोटलीवरून वेर्ण्याला जायचं नि यायचं, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायचं, कधीतरी चोर्ल्याच्या घाटातून बेळगाव. याला बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन पुरतं. घाटात एसी लावून पाच जण असले की दुसरा गिअर टाकावा लागेल, एवढंच. उतरतानाही दुसऱ्यातच उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस. एएमटी (क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी) घेणार असशील तर चढावर पूर्ण थांबवून पुन्हा काढून बघ. हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) असलेलीच घे. छोट्या गाडीला सरकारचीही सवलत आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के, तुझ्या मनातल्या मोठ्या गाडीवर ४०.

कर्जाचं मात्र नीट ऐक. सहा लाख, नऊ टक्के व्याज. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता १२,४५५ रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ४७ हजार. सात वर्षं केलीस तर हप्ता ९,६५३पर्यंत उतरतो, पण व्याज २ लाख ११ हजारांवर जातं. त्याहून मला खुपतं ते पुढचंच. विम्याच्या तक्त्यात चार वर्षं उलटली की गाडीची किंमत निम्म्यावर धरतात. सात वर्षांच्या कर्जात त्या वेळी तुझ्याकडे अजून तीन लाखांवर बाकी असेल, पाच वर्षांच्या कर्जात दीड लाखाच्या आत. म्हणून पाचच वर्षं. त्या हप्त्यात बसेल तेवढीच गाडी घे, आणि हप्त्याशिवाय दर महिन्याला थोडे पैसे टायर, बॅटरी आणि विम्यासाठी वेगळे टाक.

आता पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेचे रस्ते भरतीच्या वेळी मुसळधार पावसात भरतात. अशाच रस्त्यावर बंद पडलेली एक छोटी गाडी मी तपासली होती. मेकॅनिकने एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आतला कागद भिजून लगदा झालेला, त्याला भाताचं तूस आणि एक बारीक गोगलगाय चिकटलेली. ऑइलची कांडी ओढली तर तेल दुधाच्या चहासारखं. हेड उघडलं तेव्हा चारांपैकी एक पिस्टन बाकीच्या तिघांइतका वर येत नव्हता, त्याचा रॉड वाकला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. गाडी बंद पडली तेव्हा इंजिन बहुधा शाबूत होतं. मालकाने घाबरून पुन्हापुन्हा स्टार्टर मारला आणि तिथे घात झाला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू करून झालेलं नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' वेगळं घ्यावं लागतं. गोव्यात ते घेच. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नकोस, ढकलून कोरड्यावर आण आणि टोइंगवाल्याला बोलाव.

'झिरो डेप'ही घे, म्हणजे क्लेममधून घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापत नाहीत. त्याशिवाय प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, आणि आजच्या गाडीचा बंपर म्हणजे सगळं प्लॅस्टिकच. काचेवर घसारा नसतो, हे तुमच्या घरी उपयोगी पडेल, कारण गाडी उभी करायची जागा माडाखाली आहे. (पहिल्या दिवसापासून ती जागा बदल. नारळ काढणारा येईपर्यंत वाट बघू नकोस.) नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा) सक्तीचा असतो. तो कागद बघून बरेच जण समजतात की तीन वर्षं सगळंच झाकलं गेलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकच वर्षाचा घेतलेला असेल तर तो दरवर्षी भरावा लागतो. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो बोनस पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणून बारक्या ओरखड्यासाठी क्लेम करू नकोस.

बाकी देखभाल फारशी अवघड नाही. वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा ऑइल, दोन वर्षांनी ब्रेकचं ऑइल, पावसाळा सरला की खालून लाल माती धुऊन काढणं. पावसात आठवड्याला एकदा बॉनेट उघडून बघत जा, उंदीर ऊबेला तिथेच येतात आणि वायर कुरतडतात. मॅट ओल्या ठेवल्या तर आठवड्याभरात बुरशी धरते.

बाबा जुनी गाडी घ्या म्हणत असतील तर त्यांचंही चुकत नाही, फक्त ती आधी पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने दिलेली, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची होती का, हे आरसीच्या नोंदीत बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, वरून गाडी कितीही चकचकीत केलेली असो. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का, तेही हात घालून बघायचं. बँकेचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ (आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पैसे पुरते द्यायचे नाहीत.

नवी घेतलीस तर नोंदणी व्हायच्या आधी गाडी दिवसाउजेडी बघ. टायरवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायरचे बघ, स्टेपनीसकट. कोटेशनमध्ये विम्याची रक्कम वेगळी लिहून माग. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती नसते. तो कागद हातात पडला की सही करण्याआधी मला फोटो पाठव, मी ओळ न् ओळ वाचून त्याच दिवशी कळवतो.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
काका