सहाला फोन आला, साडेसहाला निघायचंय

प्रश्न : ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे, कोथरूडला आई-बाबांबरोबर राहते. चार वर्षांपूर्वी अपघात झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. नोकरी घरूनच करते. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला मैत्रिणीचा फोन आला, "बालगंधर्वला साडेनऊचं नाटक आहे, एक तिकीट जास्तीचं आहे, येतेस?" मी हो म्हटलं. रॅम्पवाली गाडी देणाऱ्यांना फोन केला, तर आदल्या दिवशी सांगावं लागतं म्हणाले. मग ॲपवरून कॅब बोलावली. व्हीलचेअर म्हटल्यावर पहिल्याने कॅन्सल केली. दुसरा आला, डिकी उघडून गॅसची टाकी दाखवली आणि निघून गेला. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. साडेआठला मी कपडे बदलून टाकले. बाबा म्हणाले, "एवढं काय त्यात? पुढच्या वेळी आधी ठरवा." मला रडू आलं, पण ते नाटक हुकलं म्हणून नव्हतं. हा माझा हट्ट आहे का? आणि ऐनवेळी निघायचं झालं तर निघायचं कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हट्ट अजिबात नाही. मला चेअरवर बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी फक्त दवाखाना, बँक आणि लग्नकार्य यांसाठी बाहेर पडले, कारण या तिन्हींची तारीख आधी कळते. भेळ खायला जायची तारीख आधी कुणाला कळते? मैत्रिणी हळूहळू विचारेनाशा झाल्या. त्यांचं चुकलं असं नाही, "हिला उगाच त्रास नको" असं त्यांना वाटायचं. तुझी मैत्रीण अजून विचारते आहे, म्हणून तुझं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले.

रॅम्पवाल्या गाड्यांचा मला राग नाही. शहरात त्या मोजक्याच असतात. एक हडपसरला अडकली असेल तर कोथरूडला अर्ध्या तासात येणार कुठून? पण सगळी भिस्त अशा खास गाड्यांवर ठेवली की आदल्या दिवशी सांगणं आलंच. न्यूयॉर्कसारख्या शहरातही दिव्यांगांसाठीच्या सरकारी गाडीला आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवावं लागतं. लंडनने दुसरी वाट धरली. तिथे २००० सालापासून रस्त्यावर हात करून थांबवायच्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर जायलाच हवी, असा नियम आहे. माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा भर पावसात फुटपाथच्या कडेला मी हात वर केला. टॅक्सी थांबली, चालकाने दाराखालचा रॅम्प ओढला आणि मी चेअरसकट आत. जादा पैसे नाहीत, कारण तेही कायद्याने घेता येत नाहीत. बहिणीने विचारलं, "कुठे जायचं?" तेव्हा लक्षात आलं, आपण काहीच ठरवलेलं नाही. मला बोलताच येईना. तुझं रडू मला त्यामुळेच कळलं.

आता पुण्याचं बोलू. तुला अडवलं त्या गॅसच्या टाकीने. शहरातल्या कितीतरी कॅब सीएनजीवर चालतात आणि जुन्या धाटणीच्या गाडीत टाकी डिकीतच बसवलेली असते. उरलेल्या जागेत एखादी हँडबॅग मावेल, चेअर नाही. म्हणून गाडी मागवताना मी सहा सीटवाली मागवते, तिची मागची सीट पाडली की चेअर आडवी जाते. इलेक्ट्रिक कॅब मिळाली तर उत्तमच, तिच्या डिकीत टाकी नसते. बुकिंग झालं की लगेच फोन करते, पण "व्हीलचेअर आहे, चालेल का?" असं विचारत नाही. "दादा, माझी घडीची चेअर आहे, मी स्वतः गाडीत बसते, तुम्ही फक्त ती मागे ठेवायची," असं सांगते. पुष्कळांना भीती असते ती पेशंट उचलावा लागेल याची. ती गेली की निम्मे तरी येतात.

दुसरं, तुझी चेअर कोणती आहे ते एकदा बघ. माझी जुनी लोखंडी चेअर अठरा किलोंची होती, ती उचलायची म्हटलं की कोणाच्याही कपाळाला आठी पडायची. आताच्या चेअरची मोठी चाकं मधलं बटण दाबलं की हातात निघतात. चाकं रिक्षाच्या सीटमागे, सांगाडा माझ्या शेजारी, झालं! रिक्षात चढायला मी दीड महिना घराच्या पायरीवर सराव केला. आधी चेअर आणि पायरी यांच्यामध्ये ठेवलेल्या फळीवरून सरकत, मग फळीशिवाय. तुझ्या फिजिओथेरपिस्टना सांग की मला रिक्षात बसायला शिकवा. हे मागितल्याशिवाय सहसा कोणी शिकवत नाही.

मेट्रोला कोणाला आधी कळवावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वनाझकडून येणाऱ्या मार्गावर स्टेशनांना लिफ्ट आहेत, रुंद गेट आहे, डब्यात चेअरची जागा आहे. अडचण आहे ती घरापासून स्टेशनापर्यंतच्या फुटपाथची. गाड्या चढू नयेत म्हणून पुरलेले खांब माझ्या चेअरलाही आत सोडत नाहीत. दोन खांबांमधलं अंतर मी टेपने मोजलंय, काही ठिकाणी पुरते दोन फूटही नाही. या एवढ्या टप्प्यासाठी आयआयटी मद्रासमधून पुढे आलेलं निओबोल्ट बघून ये. चेअरच्या पुढे जोडायचं बॅटरीवरचं चाक आहे ते, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जातं. मात्र साडेनऊचं नाटक सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, तेव्हा परतीची सोय निघण्याआधी बघायची. माझ्या फोनमध्ये चार रिक्षावाल्यांचे नंबर आहेत. ते जमवायला दोन वर्षं लागली, आणि ते मला कोणत्याही ॲपपेक्षा जवळचे आहेत.

हे सगळं तू करशील, पण हे करावं लागतं हा दोष तुझा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४१ वं कलम वाहतुकीची साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. नियम मात्र शिफारशींसारखे सैल राहिले होते. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच बोट ठेवलं आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितलं. म्हणून कॅन्सल झालेल्या प्रत्येक फेरीचा स्क्रीनशॉट ठेव. कंपनीकडे तक्रार कर. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी दे, कार्यालय पुण्यातच आहे. मीटरच्या रिक्षाने विनाकारण भाडं नाकारणं हाही मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, त्याची तक्रार आरटीओकडे होते.

बाबांशी भांडू नकोस. अपघातानंतर तुझी प्रत्येक फेरी त्यांनीच आखली असणार, म्हणून "आधी ठरवा" हे त्यांच्या तोंडी येतं. एक कर. येत्या रविवारी संध्याकाळी त्यांना म्हण, "बाबा, चला, आत्ता निघू." कुठे ते सांगू नकोस, आणि गाडी तू बोलाव. काय काय होतं ते त्यांना शेजारी बसून बघू दे.

प्रश्न : मॅडम, मी पिंपरीत कॅब चालवतो. व्हीलचेअरवाले पेशंट घ्यायची इच्छा आहे, पण काही दुखापत झाली तर? म्हणून टाळतो. काय काळजी घ्यावी?
– एक चालक

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत, मला फार बरं वाटलं. आधी एक सांगते, आम्ही पेशंट नाही, प्रवासी आहोत. गाडी फुटपाथला अगदी चिकटवू नका, चेअर दारापाशी तिरकी लावायला जागा सोडा. पुढची सीट पूर्ण मागे घ्या. मग विचारा, "मी काय करू?" आणि सांगतील तेवढंच करा. न विचारता काखेत हात घालून उचलू नका, खांदा निखळू शकतो. चेअरचा ब्रेक लागलाय ना ते बघा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. चेअर उचलताना हाताच्या दांड्यांना धरू नका, त्या निघून येतात. खालचा सांगाडा धरा.

आणि गादी. ती डिकीत जड सामानाखाली टाकू नका, जशी होती तशीच परत चेअरवर घाला, पुढची बाजू पुढे. कमरेखाली संवेदना नसल्याने ज्यांना बसलेलं टोचतंय का ते कळत नाही त्यांना गादी उलटी पडली तर जखम होते, ती भरायला महिने जातात. मी स्वतः तीन महिने पालथी पडून काढलेत, म्हणून इतकं सांगते.

उतरवताना आधी चेअर काढून उघडा, दारापाशी लावा, मग दार उघडा. आणि निघताना तुमचा नंबर द्या. रात्री बाराला फोन वाजला तर उचला, कुणाचं तरी नाटक सुटलेलं असेल.