इटलीची यादी आणि तिची जागा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. आठ दिवसांत रोम, सिएना, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि परतीला मिलान. तासातासाचा हिशेब मांडलेला, शाळेत सनावळ्या लिहायचास तितक्याच नेटका. लग्नानंतरचा तुम्हा दोघांचा पहिला मोठा प्रवास, म्हणून दोनदा वाचली. धावपळ होईल, पण त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. रजा मोजकी असते, व्हिसा आणि विमानाचा खर्च पुन्हापुन्हा झेपत नाही, मग जमेल तेवढं बघून घ्यावं असं वाटणारच. 2017 च्या मे महिन्यात आम्ही दोघं असेच सहा शहरं उरावर घेऊन निघालो होतो. मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची.

आधी कामाचं. फ्लॉरेन्स तू सोमवारी ठेवलंयस. सोमवारी उफिझी हे चित्रसंग्रहालय बंद असतं आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ती अकादेमियाही. एक दिवस पुढे सरकव. रोमहून वेगवान गाडीनं दीड तासाचा तर रस्ता आहे. कोलोसियमची तिकिटं आता नावानिशी आणि ठरलेल्या वेळेची असतात, पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच घाल. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एक सुती ओढणी तिच्या पिशवीत कायम असू दे. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रोमच्या गल्लोगल्ली बिडाचे नळ आहेत, अखंड वाहणारे, पाणी थंडगार आणि पिण्याचं. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यावी, टेबलावर बसलं की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो.

आता रोमचं सांगते. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. काँक्रीट ओतून घेणं, त्यावर पाणी मारून घेणं, तडे शोधणं, हेच आयुष्य. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही पँथिऑनमध्ये, त्या प्राचीन रोमन देवळात, शिरलो (आता तिकीट आहे, तेव्हा नव्हतं) आणि हे दारातून चार पावलांवरच थांबले. हेड्रियन बादशहाच्या काळातला, एकोणीसशे वर्षांचा घुमट. व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून माथ्याच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. आत लोखंडाची एक सळई नाही, आणि बिनसळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. पायाकडे जड दगडांची खडी, वर चढत जाल तशी हलकी होत गेलेली, माथ्याजवळ तर पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड. हे सगळं ते मला कानात सांगत होते, देवळात बोलावं तसं. झरोका उघडाच आहे, पाऊस सरळ आत पडतो. फरशीला किंचित फुगवटा आणि बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. ह्यांनी वाकून ती भोकं मला दाखवली. वरून आलेला उन्हाचा गोल तुकडा भिंतीवरून सरकत होता. हे म्हणाले, तो त्या खांबापर्यंत पोचेपर्यंत थांबू.

मी घड्याळ बघितलं. यादीत पुढे ट्रेव्हीचं कारंजं होतं, मग स्पॅनिश पायऱ्या. तीनदा "चला" म्हटलं. तिसऱ्यांदा ते निघाले.

कारंज्याचे आमचे फोटो घरी आहेत, पण तिथे काय वाटलं ते मला आठवत नाही. उन्हाचा तो तुकडा खांबापासून हातभर अंतरावर होता, एवढं लख्ख आठवतं. त्या रात्री हे फारसं बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी सिएनाच्या बसथांब्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. निमित्त हरवलेल्या बाटलीचं, राग पँथिऑनचा. सिएनाचा तो शिंपल्यासारखा उतरता चौक मी रडवेल्या डोळ्यांनी पाहिला. इतका सुंदर चौक.

फ्लॉरेन्सला पोचल्यावर जेवताना ह्यांनीच विषय काढला. म्हणाले, "उद्याचं पिसा राहू दे. तू लग्नापासून ज्या महाराजांचं सांगतेस ना, तिथे जाऊ."

वर्गात मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवत असेल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीचे. 1870 साली ते इंग्लंडला गेले आणि परतताना 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. बरोबरच्या माणसांनी खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आपल्याकडे देतात तसा, वाहत्या पाण्याशी. 1874 मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला.

ती जागा कॅशिने नावाच्या लांबलचक बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्राम बागेच्या अलीकडच्या भागातच सोडते, तिथून पुढे चांगली पायपीट. ह्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते. झाडांखालून चालत गेलो, वाटेत पळणारी माणसं, सायकली, कुत्री फिरवणाऱ्या बायका. आणि शेवटी झाडीत एक छत्री दिसली. आपल्या नदीकाठच्या समाधीवर असते तशी छत्री, तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, अंगावर दागिने. चेहरा कोवळा आहे रे. अकरावी-बारावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा असावा तसा. मी चपला काढल्या. पंचगंगेच्या घाटावरच्या समाध्या लहानपणापासून पाहिलेल्या, त्याच घराण्यातलं हे एक पोर इतक्या लांब एकटं राहिलं, या विचारानं मला हुंदका आवरेना.

हे संगमाकडे जाऊन उभे राहिले. पाण्याची पातळी बघत होते, काठाचं बांधकाम बघत होते. दीड तासात त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी पाहत होते ना, म्हणून मला माहीत आहे. परतताना कुणीतरी सांगितलं की या भागाला आणि जवळच्या मोठ्या पुलाला लोक अजून 'इंडियानो', म्हणजे भारतीय, म्हणतात. ते ऐकून ह्यांनी तो पूलही बघून घेतला, तारांवर तोललेला.

पिसाचा मनोरा आम्ही पाहिला नाही. त्याची खंत नाही.

फ्लॉरेन्समध्ये अजून एक. डेव्हिडकडे जाताना त्याच दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचेच अर्धवट राहिलेले 'कैदी' नावाचे पुतळे आहेत. लोक समोरच्या पाच मीटरहून उंच डेव्हिडकडे बघत झरझर पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. दगडावर छिन्नीचे ओरखडे जसेच्या तसे आहेत, दगडातून एक खांदा, एक गुडघा बाहेर येतोय. कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं तर 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आरक्षण आधीच लागतं. तिला बंद, अरुंद जागेचा त्रास होत नाही ना, ते मात्र आधी विचार.

व्हेनिसला रात्र काढच. दिवसभराची गर्दी संध्याकाळी उतरते. 2024 पासून ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्काम करणाऱ्यांना माफ असतं, पण त्याची नोंद करावी लागते. सामान कमी ने, पुलांना पायऱ्या असतात आणि पूल चारशेच्या वर आहेत. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच मोठा कालवा. एक नंबरच्या बोटीत बसा आणि सॅन मार्कोच्या चौकापर्यंत उतरूच नका. मिलानबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही.

आता ती काळजी. तुझ्या यादीत पस्तीस ठिकाणं आहेत. रोमची तटबंदी, ग्लॅडिएटरांची शाळा, मिलानचं फुटबॉलचं मैदान, सगळी तुझी आवड, मी ती ओळखते. तिची एकही जागा मला सापडली नाही. ती कापडाचं काम करते, रंगांबद्दल किती बोलली होती आमच्याकडे आली तेव्हा. तिला यादी दाखवून "चालेल ना?" असं विचारलंस, तर ती चालेल म्हणेल. मीही माझ्या सासरी पहिली काही वर्षं तेच म्हणत होते. म्हणून यादी बाजूला ठेव आणि मग विचार की तिला कुठे थांबायचं आहे. ती एखादा बाजार सांगेल, लेसचं दुकान सांगेल, कदाचित एका चित्रासमोर तासभर बसायचं म्हणेल. पिसा आणि सिएना यांपैकी एक काढून तिथे ती जागा लिही. त्या वेळात फोन खिशात राहू दे आणि निघायचं कधी ते तिला ठरवू दे. तशीच एक जागा तुझी ठेव, आणि तिथे तिनं घाई करू नये हे तिलाही मोकळेपणी सांग.

हे अलीकडे फार चालू शकत नाहीत. परवा तुझी यादी त्यांना वाचून दाखवली. पँथिऑन आलं तेव्हा म्हणाले, "किती वाजता जाणार आहेत, विचार." उन्हाचा तुकडा दुपारी कुठे असतो ते त्यांनी कागदावर काढून दिलंय, सोबत पाठवते आहे.

कॅशिनेला गेलात तर माझा नमस्कार सांगा. आणि तिनं कोणती जागा सांगितली ते निघण्याआधी मला कळव.

तुझ्या,
बाई