मुलीला मुत्सद्देगिरीत जायचंय. मॉडेल यूएनची फी भरावी का? पुढे कोणता कोर्स घ्यावा?

तुमची मुलगी पुण्यात बीए राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला परराष्ट्र सेवा नाहीतर आंतरराष्ट्रीय शांतताकार्य, दोन्हींपैकी एकात जायचंय. कॉलेजच्या मॉडेल यूएनची (म्हणजे मुलांनी देशोदेशीचे प्रतिनिधी, ‘डेलिगेट’, होऊन भरवलेली संयुक्त राष्ट्रांची लुटूपुटूची सभा) फी अडीच हजार, वर ब्लेझरचा खर्च वेगळा. असा तुमचा प्रश्न. या ‘ब्लेझर’पाशी माझं घोडं अडलं, म्हणून लिहायला बसले.

मी खटाव तालुक्यातली. बारावी वडूजला, मग पुण्यात बीए. दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजातही हे मॉडेल यूएन झालं. मी नाव दिलं. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून अगदी प्रेमानं सांगितलं, “तुझं वाचन चांगलंय गं, पण उच्चार... तू रिसर्च टीममध्ये राहा.” म्हणजे भाषणं मी लिहायची आणि वाचायची दुसरीनं. ब्राझीलची भूमिका मी लिहिली. वाचणारीला बेस्ट डेलिगेटची ट्रॉफी मिळाली. ग्रुप फोटोत मी नाही, कारण ब्लेझर नव्हता. इतकी वर्षं झाली तरी हे मला आठवतं, यावरून काय ते समजा.

पुढे एमए केलं, मराठवाड्यात एका संस्थेत पाण्याच्या भांडणांवर चार वर्षं काम केलं आणि त्या अनुभवावर संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक म्हणून दक्षिण सुदानला गेले. हा देश 2011 मध्ये स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये यादवीत सापडला. माझं ठाणं वाऊ शहरात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेच्या नागरी व्यवहार विभागात. (2019 मध्ये तिथल्या शांतिसेनेचे कमांडर म्हणून लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर आले, तेव्हापासून आमच्या गावाचा पक्का समज आहे की मी फौजेत होते. मी कंटेनरच्या खोलीत बसून इतिवृत्तं लिहीत होते.)

वाऊच्या भागात कोरडा ऋतू लागला की तोंज आणि गोग्रियालकडचे डिंका जमातीचे गुराखी हजारो गुरं घेऊन पाण्याच्या नि चाऱ्याच्या शोधात जुर रिव्हर भागात उतरतात. तिथले लुओ जमातीचे शेतकरी जोंधळा आणि भुईमूग करतात. गुरं काढणीच्या आधी आली की उभं पीक तुडवलं जातं, मग कुणीतरी जनावर मारतं, मग कुणीतरी माणूस मारतं. म्हणून 2016 मध्ये दोन्ही बाजूंनी मारियाल बाई इथे एक करार केला. येण्याआधी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यायची, बंदुका आणायच्या नाहीत, पिकाचं नुकसान झालं किंवा जनावर मारलं तर भरपाई द्यायची, असं त्यात आहे. करार कागदावर राहू नये म्हणून हंगामाच्या आधी नि नंतर बैठका होतात. तशा एका बैठकीला मी पहिल्यांदा एकटी गेले. तोवर मी कारकुनीच करत होते.

आंब्याखाली ताडपत्री अंथरलेली. साखर कमी पडली म्हणून पहिला अर्धा दिवस वाया. माझ्याकडे फ्लिपचार्ट, चार रंगांची स्केचपेनं आणि ‘हितसंबंधांचा नकाशा’ कसा काढायचा याची नोंदवही. एका शेतकऱ्यानं पिशवीतून एक कणीस काढलं आणि मधोमध ठेवलं. अर्धं भरलेलं, देठाशी पिचलेलं, त्यावर वाळका चिखल. बोलला काहीच नाही. मी मात्र बोलले. समोरच्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं, “तुमची गुरं किती?” नकाशात आकडा भरायचा होता ना.

दुभाषी वाऊचाच एक शाळामास्तर होता. माझे तीन शब्द, आणि तो डिंकात मिनिटभर बोलला. म्हातारा पावसाबद्दल काहीतरी म्हणाला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा पाऊस. माझ्या वहीत आकड्याची चौकट रिकामी, आणि मी मनात म्हणतेय, काय हा दुभाषी!

संध्याकाळी परत येताना गाडीत तो म्हणाला, “मॅडम, तुमचा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर तो उठून गेला असता. मी यंदाच्या पावसाचं विचारलं.”

कानाखाली बसल्यासारखं झालं. कारण हे मला माहीत होतं. पुस्तकातलं नाही, घरातलं. दिवाळीनंतर आमच्या रानात माण तालुक्यातल्या धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, उतरायचा. आजोबा पंच, भांडण लागलं की दोन्हीकडचे आमच्याच ओट्यावर. वाड्याचा कारभारी आला की आजोबा पानाचं तबक सरकवायचे आणि विचारायचे, “औंदा किती राती बसवणार?” किती मेंढरं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. गुरं-लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं आजी म्हणायची. आजोबांचा हिशेब वेगळा होता. मेंढरं काय, डोळ्यांना दिसतातच. राती ठरल्या की खतही ठरलं, धान्यही ठरलं, आणि शेजारच्याच्या हरभऱ्यात कुणी कधी शिरणार नाही तेही ठरलं. हे मी दहा वर्षं ओट्यावर बसून पाहिलेलं, आणि आंब्याखाली बसल्यावर आठवलं काय, तर स्केचपेन.

दुसऱ्या दिवशी फ्लिपचार्ट गाडीतच ठेवला. दुभाष्याला म्हटलं, गुरं नदीकाठी किती दिवस राहतील ते विचार. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तेही जसंच्या तसं. म्हाताऱ्यानं पाणवठ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. शेतकरी मध्येच म्हणाले, त्या पाणवठ्याजवळचा जोंधळा उशिरा निघतो, तिथे आधी नको. मग चार तास तेच. या वाटेनं नको, त्या वाटेनं. अमक्याची काढणी होऊ दे, मग. मी फक्त लिहीत होते. उच्चार कुणी विचारले नाहीत.

रात्री दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, “मेंढरांची भांडणं सोडवायला पासपोर्ट कशाला लागतो? इकडं कमी आहेत का?” त्याचं तेव्हा तोंड बंद करता आलं नाही. आता सांगते, दादा: आपल्याकडं भांडण मिटलं नाही तर तलाठी आहे, पोलीस पाटील आहे, कोर्ट आहे. तिथे आंबा होता आणि ताडपत्री होती.

हे फार गोड वाटत असेल तर थांबा. त्या हंगामातही माणसं मेली. पुष्कळ गुरं गुराख्यांची नसतात, शहरातल्या वजनदार मंडळींची असतात, आणि ती मंडळी आंब्याखाली येत नाहीत. करार त्यांना बांधत नाही. तीन दिवसांच्या बैठकीनं फार तर दोन-चार वाटांवर थोडे दिवस शांतता मिळते, आणि तेवढ्यासाठी गाड्या, डिझेल, परवानग्या आणि साखर जमवणं हे माझं खरं काम होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. परराष्ट्र सेवेसाठी यूपीएससीचीच नागरी सेवा परीक्षा, खुल्या गटाला वयाची अट 32. निवड झाली की प्रशिक्षण, आधी मसुरीला, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत, आणि एक परकीय भाषा सक्तीची. डिग्री कुठलीही चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटसारख्या गावातून ज्ञानेश्वर मुळे या सेवेत जाऊन न्यूयॉर्कचे महावाणिज्यदूत झाले, त्यामुळे ‘आपल्यासारख्यांचं काम नाही’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. संयुक्त राष्ट्रांची तरुण अधिकाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा आहे, तीही 32 पर्यंत, पण कुठल्या देशांच्या उमेदवारांना बसता येईल ती यादी दरवर्षी बदलते, भारताचं नाव असेलच असं नाही. स्वयंसेवक म्हणून जाणं हा त्यातल्या त्यात उघडा दरवाजा. त्यात पगार नाही, निर्वाहभत्ता मिळतो, आणि सगळं कंत्राटी. 2025 मध्ये पैशाअभावी शांतिमोहिमांमधले सुमारे पाव सैनिक आणि पोलीस कमी करायचं ठरलं, म्हणजे पुढची काही वर्षं नोकरभरती कशी असेल ते तुम्हीच ओळखा. एमएसाठी दिल्लीच्या जेएनयूचं ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ जुनं आणि चांगलं. परदेशी डिग्रीसाठी घर गहाण ठेवू नका.

पण कोर्सच्या आधी दोन गोष्टी. एक, रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन फ्रेंच. काँगो, मध्य आफ्रिका, सगळीकडे ती लागते, आणि आमच्या इंग्रजी-बहाद्दर डेलिगेट मंडळींपैकी एकालाही येत नव्हती. दोन, गाडी चालवायला शिकवा, मोठी, गिअरची. तिथे गाडी हातात देण्याआधी परीक्षा घेतात. मी काकांच्या जीपवर शिकले होते म्हणून पहिल्या खेपेला पास झाले. माझ्याबरोबर आलेले दोन पीएचडीवाले महिनाभर दुसऱ्यांच्या गाडीत मागे बसून फिरले.

आणि इतिवृत्त लिहायला शिकवा. तुमच्या गावच्या ग्रामसभेत बसवा, कोण काय बोललं ते तिच्या मताशिवाय लिहायला सांगा. जमत नाही हो. पहिल्या वर्षी मलाही जमलं नाही.

आता सावध करते: मी मुत्सद्दी नव्हते. परराष्ट्र सेवेबद्दल माझं ज्ञान ऐकीव आहे, त्या नोकरीत बोलणंही लागतंच, आणि मॉडेल यूएननं पोरांची भीड चेपते, ठराव कसा लिहितात ते कळतं, हे मी रागात विसरते. दोन वर्षांपूर्वी त्याच कॉलेजानं मला त्याच कार्यक्रमाला पाहुणी म्हणून बोलावलं. सर निवृत्त झालेत, पहिल्या रांगेत होते. बेस्ट डेलिगेटची ट्रॉफी माझ्याच हस्ते दिली, पोरगी खरंच छान बोलली होती. चहाच्या वेळी सर कौतुकानं म्हणाले, “तिकडे इंग्रजीच चालत असेल ना सगळीकडे?” म्हटलं, डिंका, लुओ आणि अरबी, सर. ते हसले. त्यांना काही आठवत नव्हतं.

फी भरा. मैत्रिणी जाणार असतील तर अडीच हजारांसाठी पोरीला मागे ठेवू नका. ब्लेझर कुणाचा तरी मागून आणा, आणि उरलेल्या पैशात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाला.