ट्रायकोग्रामाच्या काही जातींत नरच का नसतात?

तुम्ही विचारलंय ते आपल्या नागपूरकडे कपाशीत बोंडअळीवर लावतात त्या ट्रायकोकार्डातल्या (या माशीची पिल्लं असलेल्या कागदी पट्टीतल्या) इवल्या गांधीलमाशीबद्दल, म्हणजेच ट्रायकोग्रामाबद्दल. तिच्या काही जातींत नर नसण्यामागे वोल्बाकिया हा जिवाणू असतो. तो आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, शुक्राणूतून नाही. म्हणजे नर त्याच्या काहीच कामाचा नाही. एरवी या माशीच्या फलन न झालेल्या, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या अंड्यातून नर निघतो, आणि दोन संच असलेल्या अंड्यातून मादी. वोल्बाकिया मात्र अंड्याच्या पहिल्याच विभाजनात गुणसूत्रांचे दोन संच वेगळे होऊ देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात आणि मादी जन्मते. १९९० मधला प्रयोग तर विलक्षणच आहे: माद्यांना मधातून जिवाणू मारणारं प्रतिजैविक दिलं, आणि पुढे चक्क नर जन्मू लागले! डासांत वोल्बाकियाची तऱ्हा निराळी: वोल्बाकियावाला नर आणि वोल्बाकिया नसलेली मादी यांची अंडी उबतच नाहीत.